ट्रॅक फोनमध्ये आहे, तरी वाट का चुकते?

जून उजाडला, पावसाळी ट्रेक सुरू झाले, की हा प्रश्न ठरलेला. "ट्रॅक उतरवून घेतला होता, चार्जिंग फुल होतं, ठिपका रेषेवर होता, तरी आम्ही डोंगराच्या भलत्याच सोंडेवर कसे गेलो?" ट्रॅक म्हणजे आधी कुणीतरी नोंदवलेली वाट, ती फोनच्या नकाशावर रेषा म्हणून दिसते; ठिपका म्हणजे आपण. कधी ठिपका रेषेवर असतो आणि पायाखाली वाटच नसते. कधी पायाखाली चांगली मळलेली वाट असते आणि ठिपका शेजारच्या दरीत पडलेला असतो. लगेच फोनवर खापर फुटतं आणि कुठला फोन घ्यावा, घड्याळ घ्यावं का, अशी चर्चा रंगते. फोन खराब असतोही, पण क्वचित. खोट बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडते: तुम्ही उभे आहात ती जागा, तुम्ही घेतलेला ट्रॅक आणि फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग.

यातलं नेमकं काय झालंय हे वाटेवरच ओळखता येतं. त्यासाठी ठिपका कुठे आहे यापेक्षा तो कसा वागतोय ते बघायचं. ठिपका उडत असेल, म्हणजे एकदा इकडे, एकदा तिकडे, तर सिग्नल खराब आहे. तो रेषेपासून सारख्याच अंतरावर समांतर चालत असेल तर ट्रॅक किंवा नकाशा सरकलेला आहे. रेषेपासून हळूहळू, पण एकाच बाजूला लांब जात असेल तर फोन बरोबर आहे आणि तुम्ही चुकला आहात. आणि ठिपका थिजून राहून मग एकदम अर्धा किलोमीटर झेपावत असेल तर फोनने ॲपला झोपवलं होतं.

आधी वर्तुळ

ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं. ट्रेकला येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी त्याकडे कधी लक्ष दिलेलं नसतं. आपण किती चुकत असू याचा फोनने स्वतःच केलेला अंदाज म्हणजे ते वर्तुळ. उघड्या आभाळाखाली साध्या स्मार्टफोनची अचूकता साधारण ५ मीटर असते, त्यामुळे पठारावर वर्तुळ जेमतेम दिसतं. कड्याखाली तेच ३०-४० मीटरचं होतं. त्यातही अँड्रॉइडच्या हिशेबात तुम्ही वर्तुळाच्या आत असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्केच धरलेली असते. म्हणजे ढोबळमानाने तीनातल्या एका वेळी तुम्ही वर्तुळाच्याही बाहेर असता. त्यामुळे "ठिपका रेषेवर आहे" या वाक्याला वर्तुळ किती मोठं आहे हे सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

सपाट प्रदेशात ३० मीटरची चूक खपून जाते. सह्याद्रीत ३० मीटर म्हणजे डोंगरधारेची दुसरी बाजू.

ठिपका उडतोय

बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून, चढणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. खालच्या ओढ्यात ठिपका शहाण्यासारखा चालतो. दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ आल्या की तो पलीकडच्या कातळावर चढतो, मागे येतो, मध्येच धारेपल्याड जातो. तुम्ही मात्र एकाच धोंड्यावर पाणी पीत बसलेले असता. सांदण दरीत तर आभाळाची एक चिंचोळी पट्टीच दिसते, तिथे फोन खिशात ठेवलेला बरा.

असं होतं कारण जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून नुसती वेळ सांगत असतात. सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो आणि उंचीसकट आपली जागा ठरवायला त्याला किमान चार उपग्रह लागतात. नळीत निम्मंअधिक आभाळ कड्यांनी झाकलेलं असतं. जे उपग्रह दिसतात ते सगळे डोक्यावर एका पट्टीत, त्यामुळे त्या पट्टीच्या दिशेने चूक कमी आणि आडव्या दिशेने जास्त होते. आडवी दिशा म्हणजे कड्याची दिशा! शिवाय काही सिग्नल थेट न येता समोरच्या ओल्या कातळावर आपटून येतात. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर. कातळाला वळसा घालून येताना त्याला ६० मीटर जास्त पडले तर उशीर होतो अवघा ०.२ मायक्रोसेकंद, पण फोन तेवढंच अंतर हिशेबात जास्त धरतो आणि ठिपका सरकतो. तुम्ही दोन पावलं पुढे गेलात की परावर्तन बदलतं, ठिपका पुन्हा उडतो.

उपाय थोडेच आहेत. पहिला म्हणजे ठिपक्याच्या मागे न धावणं. "रेषा डावीकडे दाखवतेय" म्हणून नळीच्या डाव्या भिंतीला लागणारे लोक दरवर्षी दिसतात. नळीतली वाट नळीतच असते. तिथे प्रश्न डावं-उजवं हा नसून किती वर आलो आणि बाहेर पडायचा फाटा आला का, हा असतो. म्हणून घरून निघतानाच फाट्यांच्या उंची वहीत लिहून घ्या: कुठल्या उंचीला नळी सोडायची, कातळटप्पा किती उंचीवर आहे. नळीत रेषेपेक्षा हा आकडा जास्त कामाचा.

दुसरा उपाय थांबण्याचा. जरा मोकळी जागा मिळाली, एखादं झाड नसलेलं खांड आलं, की फोन हातात आडवा धरून मिनिट-दोन मिनिटं उभे राहा आणि वर्तुळ लहान होताना बघा. फोन पँटच्या मागच्या खिशात असेल तर तुमचं अंग आणि सॅक मिळून अर्धं आभाळ झाकतात. तो सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवा. पावसाळी जंगलात, अंधारबनसारख्या ठिकाणी, ओली पानं सिग्नल दुबळा करतात, पण कातळाइतका गोंधळ घालत नाहीत. तिथे ठिपका उडण्यापेक्षा रेंगाळतो.

नवा फोन घेणारच असाल तर उपग्रहांच्या नेहमीच्या एल-१ सिग्नलबरोबर एल-५ हा दुसरा सिग्नल पकडणारा घ्या. एल-५ ची रचना अशी आहे की थेट आलेला आणि आपटून आलेला सिग्नल त्यात सहज वेगळा काढता येतो. इस्रोच्या नाविक या भारतीय दिशादर्शन यंत्रणेचे उपग्रहही एल-५ वर प्रसारण करतात. तुमचा फोन काय पकडतो ते जीपीएसटेस्ट या ॲपमध्ये दिसतं. पण नळीत भिंती त्याच राहतात, एवढं लक्षात असू द्या.

ठिपका एका बाजूला सरकत चाललाय

हे लक्षण लोक सर्वांत उशिरा ओळखतात. हरिश्चंद्रगडावर टोलार खिंडीतून रेलिंगचा कातळटप्पा चढून वर आलं की मंदिरापर्यंत चढउतारांचं पठार आहे. जुलैत तिथे धुकं असं उतरतं की पुढच्याची सॅक दिसत नाही. ढोरवाटा सगळीकडे फुटलेल्या असतात. एक फाटा आला, दोन वाटा, दोन्ही सारख्याच मळलेल्या, आणि सुरुवातीला त्यांच्यातलं अंतर तीन मीटर. इथे फोन काढून "कुठली?" असं विचारण्यात काहीच हशील नाही. ज्याची अचूकता ५ मीटर आहे तो तीन मीटरवरच्या दोन वाटांमध्ये निवड कशी करणार? तरी सगळा ग्रुप फोनभोवती गोळा होतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याची वाट ठरते.

पद्धत अशी ठेवा. होकायंत्रावरून त्यातल्या त्यात बरोबर वाटणारी वाट धरा, दीड-दोनशे पावलं चाला आणि मग बघा. ठिपका रेषेच्या दोन्ही बाजूंना डुलत असेल तर वाट बरोबर. प्रत्येक वेळी बघताना तो त्याच बाजूला आणि आधीपेक्षा लांब असेल तर आल्या वाटेने फाट्यावर परत. "पुढे जाऊन मिळेल" म्हणत आडवं मारायचं नाही. नकाशावर ऐंशी मीटर दिसणारी मधली जागा म्हणजे कारवीने भरलेली घळ असते, किंवा थेट कड्याची कड.

दर पाचेक मिनिटांनी बघत राहिलात तर परत फिरणं शे-दोनशे मीटरचं असतं. पाऊस आहे म्हणून फोन सॅकमध्ये प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळला आणि तासाभराने काढला, की तेच परत फिरणं अंधारात जातं. साधी पारदर्शक जलरोधक पिशवी गळ्यात अडकवा. ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही, म्हणून आवाजाची बटणं नकाशा झूम करण्यासाठी लावता येत असतील तर लावून घ्या. ओसमँड या नकाशाच्या ॲपमध्ये ती सोय आहे.

ठिपका समांतर चालतोय

पायाखाली निःसंशय बरोबर वाट, रेषा मात्र सतत वीस-तीस मीटर पूर्वेला. मग ज्याने ट्रॅक बनवला त्याचा फोन त्या दिवशी चुकत होता, किंवा त्याने चालून न नोंदवता उपग्रह-छायाचित्रावर बोटाने रेघ ओढली होती. तीव्र उतारांवर ही छायाचित्रं काही मीटर ते काही दहा मीटर सरकलेली असू शकतात. अशा वेळी वाटेवर विश्वास ठेवायचा आणि रेषेचा नुसता आकार बघायचा: ती डावीकडे वळते तेव्हा आपणही वळतोय का?

जुना टोपोशीट, म्हणजे सरकारी भूनकाशा, स्कॅन करून फोनमध्ये वापरणाऱ्यांना याहून मोठा फरक दिसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभ या पृथ्वीच्या जुन्या गणिती आकारावर आधारलेले, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या आकारावर. पश्चिम महाराष्ट्रात दोन्हींत शंभराहून जास्त मीटरचा फरक पडतो. ॲपमध्ये डेटम, म्हणजे मोजमापाचा हा आधार, बदलायचा पर्याय असेल तर तो वापरा, नाहीतर विभागाच्या नव्या ओपन सीरिजचे नकाशे घ्या. ते डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत.

ट्रॅक आधी तपासायचा असतो हेच अनेकांच्या गावी नसतं. फाइल उतरवली, नाव वाचलं, झालं! घरी मोठ्या स्क्रीनवर, समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर ती उघडा. चालून नोंदवलेला ट्रॅक बारीक वाकडातिकडा असतो. दरीवरून सरळ ताणलेली दोरीसारखी रेघ दिसली तर तिथे नोंदणाऱ्याचा फोन झोपला होता आणि खरी वाट कुठून जाते ते त्या फाइलला ठाऊक नाही. नेमक्या त्याच टप्प्यात वाट चुकते. रेषेला मध्येच फुटलेले, जाऊन परत आलेले फाटे म्हणजे तो माणूस तिथे वाट शोधत होता. एका जागी गुंता दिसला तर तिथे जेवण झालं. थांबलेला फोनही ठिपके टाकत राहतो आणि त्यामुळेच दोघांच्या किलोमीटरमध्ये फरक पडतो, त्यावरून वाद घालू नका.

तारीख बघा. जानेवारीचा ट्रॅक ओढा जिथून सहज ओलांडतो तिथे जुलैत कमरेएवढं पाणी असतं. दरड पडून वाट बदललेली असू शकते. दिशाही बघा: उतरताना नोंदवलेला ट्रॅक चढायला वापरला तर वेळेचे अंदाज चुकतात. आणि फाइल ट्रॅकची आहे की रूटची? रूटमध्ये मोजके बिंदू असतात आणि मधलं अंतर ॲप सरळ रेघेने जोडतं. कड्यावरून जाणाऱ्या त्या सरळ रेघेला वाट समजणारे आहेत.

एकाच वाटेचे वेगवेगळ्या लोकांचे तीन ट्रॅक एकावर एक टाका. जिथे तिन्ही एकत्र आहेत तिथे निर्धास्त, जिथे फाकतात तिथे खूण करून ठेवा. माझ्या मते घरी बसून करायच्या कामांत याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचा नाही. आणि पायथ्याच्या गावात विचाराच. "वरची वाट चालू आहे का?" याचं उत्तर फाइलमध्ये नसतं, ते गुरं घेऊन काल वर गेलेल्या मामांकडे असतं.

ठिपका थिजलाय

अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद करतात, काही कंपन्यांचे फोन जरा जास्तच उत्साहाने. स्क्रीन बंद झाली की नोंद थांबते. नकाशाच्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये "अनरिस्ट्रिक्टेड" करा, लोकेशनची परवानगी द्या आणि "प्रिसाइज लोकेशन" चालू आहे ना ते बघा. ते बंद असेल तर फोन मुद्दाम ढोबळ जागा देतो, काही किलोमीटरच्या हिशेबात. बॅटरी सेव्हर मोड ट्रेकवर नको. बॅटरी वाचवायची तर एरोप्लेन मोड लावा. दरीत रेंज शोधत बसण्यातच फोनची सर्वाधिक दमछाक होते. जीपीएस फक्त ऐकतो, काही पाठवत नाही, त्यामुळे बहुतेक फोनांत एरोप्लेन मोडमध्येही तो चालू राहतो. घरी एकदा गच्चीवर करून बघा.

मात्र एरोप्लेन मोड लावायची वेळ चुकवू नका. फोनला उपग्रह लवकर सापडतात ते मोबाइल नेटवर्कवरून त्यांची आगाऊ माहिती मिळते म्हणून. ती नसेल तर फोनला ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, सेकंदाला अवघे ५० बिट या वेगाने. एका उपग्रहाची कक्षेची माहिती यायला सुमारे ३० सेकंद अखंड सिग्नल लागतो, सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी यायला साडेबारा मिनिटं. नळीत सिग्नल दर दहा सेकंदांनी तुटतो, मग ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून. रात्रीच्या एसटीने येऊन, फोन बंदच ठेवून, थेट झाडीत शिरल्यावर तो सुरू करणाऱ्यांना "जीपीएस लागतच नाही" असं वाटतं ते यामुळे. गावातल्या मैदानात, रेंज असताना, नकाशावर ठिपका नीट बसलेला बघा आणि मग एरोप्लेन मोड. ऑफलाइन नकाशाही तिथेच, नेट बंद करून, उघडतो ना ते बघा. गूगल मॅप्सच्या ऑफलाइन नकाशात पायवाटा शोधू नका. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओसमँडसारखी ॲप घ्या.

किरकोळ, पण रोजचे

नकाशावरचा बाण उलटीकडे दाखवतो? थांबलेल्या जीपीएसला दिशा कळत नाही, तेव्हा बाण फोनच्या होकायंत्रावरून फिरतो. त्याला चुंबक चालत नाही. कव्हरची चुंबकी टिचकी किंवा मागे चिकटवलेली पॉवर बँक काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. वीस पावलं सरळ चाललात तर चालण्याची दिशा जीपीएस स्वतः सांगतो. खरं होकायंत्र वापरणाऱ्यांची महाराष्ट्रात चैन आहे: खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत इथे एक अंशाचाही फरक नाही. फक्त ते कातळाला टेकवून धरू नका, आपल्या बेसॉल्टमध्ये लोहाची खनिजं आहेत.

उंची चुकते? कळसूबाईची उंची १६४६ मीटर, पण एखादं ॲप माथ्यावर १५८० च्या आसपास दाखवतं. ते ॲप समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती गोलाभापासून उंची मोजतंय. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या गोलाभाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. सेटिंगमध्ये समुद्रसपाटीचा पर्याय असतो, तो निवडा. घड्याळातलं बॅरोमीटर नळीत जीपीएसपेक्षा विश्वासू, पण ते हवेच्या दाबावर चालतं. आपल्याकडे वादळवारं नसतानाही दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. दाबातला तीन-चार हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं एकक) हा फरक म्हणजे उंचीत पंचवीस-तीस मीटर. खिंड, मंदिर, गाव अशा माहीत असलेल्या उंचीवर ते पुन्हा लावून घ्या.

परदेशातून घड्याळाबरोबर सॅटेलाइट कम्युनिकेटर आणणाऱ्यांसाठी: साधा जीपीएस बाळगायला अडचण नाही, पण उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे. विमानतळावर माणसं अडवली गेली आहेत.

चुकलातच, मदत हवी असेल तर

११२ लावा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर तातडीचा फोन तिच्यावरून लागू शकतो. बोलणं होत नसेल तर ओळखीच्याला साधा एसएमएस करा, तो तुटक्या रेंजमध्येही निघून जातो. त्यात अक्षांश-रेखांश दशांशात लिहा आणि "दशांश अंश" हे शब्दही लिहा. हरिश्चंद्रगड १९.३९ उत्तर, ७३.७८ पूर्व असा सांगितला आणि पलीकडच्याने तो १९ अंश ३९ मिनिटं असा लिहून घेतला, तर शोधपथक २९ किलोमीटर उत्तरेला निघेल. ७८ मिनिटं असूच शकत नाहीत यावरून चूक पकडता येते, पण रात्री अकरा वाजता घाईत लिहून घेणाऱ्याकडून ती अपेक्षा करू नका. दशांशानंतर चार आकडे पुरतात, चौथा आकडा सुमारे ११ मीटरचा. सोबत वर्तुळाचा आकार, उंची, किती जण आहात, कोण जखमी आहे, कुठल्या गावातून कुठल्या वाटेने चढलात आणि शेवटची ओळखीची जागा कुठली, हेही लिहा. नळीतून पाठवत असाल तर "नळीत आहोत" असं शब्दांत लिहाच, कारण आकडे कदाचित तुम्हाला धारेपल्याड दाखवत असतील. पाठवून झाल्यावर जागा बदलू नका. बदलावीच लागली तर आधी नवा एसएमएस करा.